झाकण दुसऱ्याच गाडीचं

४ फेब्रुवारी

शेडमधली गाडी महिनाअखेरच्या आत हलवायची आहे आणि ती हलत नाही, म्हणून हे पत्र. दुसरं काही कारण नाही. मायना घातलेला नाही, कारण तुला आता काय म्हणून लिहावं ते मला ठरवता आलं नाही. फोन करणार नाही. फोनवर माझा आवाज चढतो.

घर विकलं. एकटीसाठी पाच खोल्या झाडत बसायची माझी तयारी नाही. नवी जागा तिसऱ्या मजल्यावर, दोन खोल्यांची. गाडीसाठी एक गिऱ्हाईक आहे. लहान गाडीत मोठं इंजिन बसवलेलं ते प्रकरण त्याला हवं आहे, पण ते स्वतःच्या चाकांवर शेडबाहेर आलं पाहिजे ही त्याची अट. नाहीतर भंगाराच्या भावाने नेईन म्हणतो. माझ्या मुलाने चार वर्षं त्या गाडीखाली घातली. ती भंगारात जाऊ द्यायची नाही, एवढं मी ठरवलं आहे.

कोपऱ्यावरच्या गॅरेजवाल्याला बोलावलं. नवी बॅटरी घातल्यावर इंजिन सुरू झालं. आवाज पूर्वीइतकाच कर्कश्श. शेजारणीने खिडकी लावून घेतली. पण क्लचचं पेडल पाय ठेवताच जमिनीला टेकतं. त्याने टॉर्च घेऊन वरून खालून पाहिलं. क्लचच्या तेलाचा डबा कोरडा ठणठणीत. पाइपाला ओल नाही, फरशीवर डाग नाही, गळतीची कुठे खूण नाही. "बाई, मग हे तेल काय उडून गेलं?" असं तो मलाच विचारतो.

तो क्लच तू बसवलास. तेव्हा दोन प्रश्न. तेल कुठे गेलं? आणि आता कुठलं घालायचं? डब्याच्या झाकणावर 'ब्रेक फ्लुइड' असं ठसठशीत उमटवलेलं आहे. मी नोकरीभर लोकांची वजनं-मापं तपासून त्यांवर छाप मारले. छापावर विश्वास ठेवायचा नसेल तर ठेवायचा कशावर? तरी विचारते आहे.

उत्तर आठवड्यात यावं. न आल्यास झाकणावर लिहिलंय ते घालीन.

त्याची आई


११ फेब्रुवारी

ती. आई,

मायना मी घालते. दुसरा मला येत नाही.

तुमचं पत्र जुन्या डेपोच्या पत्त्यावर गेलं आणि फिरत फिरत काल हाती पडलं. आता मी इथल्या बस-डेपोत ब्रेकच्या विभागात आहे. हे सगळं नंतर. आधी हात जोडून सांगते, ब्रेकचं तेल घालू नका. ते झाकण दुसऱ्याच गाडीचं आहे. मूळचं आमच्या एका भांडणात फुटलं (कोणी फेकलं ते सांगत नाही), म्हणून भंगारातलं मापात बसलं ते लावलं.

क्लचला दोन सिलेंडर आहेत. वरचा पेडलपाशी, तो तेल ढकलतो. खालचा गिअरबॉक्सपाशी, तो त्या तेलाच्या दाबाने सरकून क्लच सोडवतो. दोन्ही जुन्या परदेशी गाड्यांमधून काढलेले आहेत आणि त्यांच्यातली रबरी सील खनिज तेलासाठी बनवलेली आहेत. ते तेल हिरवं असतं. ब्रेकचं पिवळसर. ब्रेकच्या तेलात ही सील मऊ पडतात, मग फुगतात, मग आतच रुतून बसतात. वाईट म्हणजे पहिले एक-दोन दिवस पेडल अगदी छान चालतं. माणूस खूश होतो.

दुकानदाराने हिरवं दिलं तरी वाटीभर पाण्यात थेंब टाकून बघा. खनिज तेल तरंगतं. ब्रेकचं पाण्यात मिसळून जातं.

गॅरेजवाला म्हणेल, वरचा सिलेंडर बारीक आहे, मोठा टाकू. म्हणू दे. तो बदलू नका. आणि तेल कुठे गेलं, ते कृपा करून विचारू नका.

मी एक विचारू? शेवटी शेवटी त्याला बोलता येत होतं का? तुमचं कार्ड आलं तेव्हा सगळं होऊन गेलेलं होतं.

मी


१५ फेब्रुवारी

उत्तर उशिरा आलं. आठवडा सांगितला होता. मी ब्रेकचं तेल घातलं.

तू लिहिलंस तसंच झालं. दोन दिवस पेडल उत्तम. गॅरेजवाल्याने गल्लीत एक फेरी मारली आणि मिशीत हसत परत आला. तिसऱ्या दिवशी पेडल खाली गेलं ते वर आलंच नाही. मी हाताने ओढून पाहिलं, हललं नाही. गॅरेजवाला म्हणाला, "झाकण चुकीचं लावणाऱ्याला आधी पकडा." मी म्हटलं, ती दूर राहते.

वरच्या सिलेंडरबद्दलही तो तेच बोलला जे तू सांगितलंस. बारीक आहे, म्हणून तेल कमी ढकललं जातं, म्हणून क्लच पुरता सुटत नाही आणि गिअर टाकताना करकर होते. त्याच्या शब्दांत, "चांगल्या इंजिनाला पोराटोरांचा पंप लावलाय." ती करकर मी दोन वर्षं स्वयंपाकघरातून ऐकली आहे. तुझी विद्या ब्रेकची असताना इतकं ढोबळ काम तू का केलंस?

आणि 'विचारू नका' म्हणजे काय? मी विचारणार. तू जायच्या आधी गाडी बंद पडली, तेव्हा जेवताना तो रोज तुला विचारायचा, "सील आलं का?" आणि तू म्हणायचीस, "नाही, लांबून यायचं आहे." मी वाढत असायचे, माझ्या कानांनी ऐकलं आहे. मग एका संध्याकाळी त्याचा आवाज चढला. भिंतीपलीकडून ऐकलं. "तुला एक सील बसवता येत नाही, तर इथे राहतेस कशाला? जा." दुसऱ्या दिवशी तू गेलीस. सील काही आलं नाही.

तेव्हा सील गेलं असेल तर तेल गळायला हवं, डाग पडायला हवा. डबा कोरडा आणि फरशी स्वच्छ, हे कसं?

तू गेल्यावर महिन्याभरात तो भिंतीला धरून चालायला लागला. नंतर खुर्ची, नंतर खाट. डॉक्टर नसांचा आजार म्हणाले. मी म्हणते, माणूस आधी आतून खचतो. शेवटी त्याला बोलता येत नव्हतं. एरवी तरी कुठे बोलायचा!

त्याची आई


२३ फेब्रुवारी

ती. आई,

तुम्ही विचारणार म्हणालात, म्हणून सांगते. त्याला शब्द दिला होता की तुम्हाला सांगणार नाही. तो शब्द आता कोणासाठी ठेवायचा?

आजार मी गेल्यावर आला नाही. मी जायच्या पुष्कळ आधी आम्हाला दोघांना माहीत झाला होता. सुरुवात डाव्या पायापासून झाली. तुम्हाला तो पाठ धरलीय म्हणून सांगायचा.

आधी क्लच केबलचा होता. मोठ्या इंजिनाची क्लच प्लेट जड, केबल आणखी जड. एक दिवस सिग्नलला उभे असताना त्याचा पाय पेडलवर थरथरायला लागला आणि गाडी झटका खाऊन बंद पडली. मागचे हॉर्न वाजवत होते आणि हा नुसता पायाकडे बघत होता. त्या आठवड्यात मी तेलावरचा क्लच बसवला. मापात बसवला, करकर नव्हती. काही महिन्यांनी तोही जड व्हायला लागला. मग मी वरचा सिलेंडर काढून बारीक लावला. बारीक सिलेंडरने पेडल हलकं होतं, पण तेल कमी ढकललं जातं. दोन्ही एकदम मिळत नाही. करकर मला ऐकू येत नव्हती असं समजू नका. मी ती मोजून घेतली होती.

तो म्हणाला, "लोण्यासारखं झालंय." मी म्हटलं, "एवढ्या मोठ्या वाक्याने घसा दुखेल." मी त्याला सायलेन्सर म्हणायचे, तुम्हाला आवडायचं नाही. गाडीला नव्हता तो याच्या तोंडाला होता.

फाटकाचा खांब पडला ते आठवतं? तुम्हाला सांगितलं, ब्रेक घसरला. ब्रेक मी रोज करते आई, माझ्या हातचा ब्रेक घसरत नाही. पाय क्लचवरून निसटला. फाटकाबाहेर त्या वेळी शेजारच्यांची मुलगी सायकल घेऊन उभी होती. हातभर अंतर होतं.

त्याला 'आता चालवू नकोस' असं सांगायची माझी हिंमत झाली नाही. चालणं जात होतं, जिना जात होता, गाडी तेवढी राहिली होती. मग तो झोपलेला असताना दुपारी मी खालच्या सिलेंडरचा निपल, म्हणजे तेल काढायचा स्क्रू, सैल केला, सगळं हिरवं तेल एका बाटलीत काढून घेतलं आणि निपल पुन्हा घट्ट केला. गळती नव्हतीच. म्हणून डाग नाही. बाटली शेडमध्ये रंगाच्या डब्यांमागे ठेवली, फेकवली नाही. त्याला सांगितलं, सील गेलं, असलं सील लांबून मागवावं लागतं. मी कधी मागवलंच नाही. तो रोज विचारायचा आणि मी रोज खोटं बोलायचे.

त्याच सुमाराला मला या डेपोतून नोकरीचं बोलावणं आलं होतं. मी नाही म्हणून कळवणार होते, तसं त्याला म्हटलंही होतं. त्याच आठवड्यात तो भडकला. मला वाटलं, त्याने मला ओळखलं. जिने त्याची गाडी चोरली तिला घराबाहेर काढलं, यात त्याचं काय चुकलं? मी फोन करायचे तेव्हा तुम्ही म्हणायचात, "झोपलाय." मी समजून घेतलं.

आता सील खरंच गेली. माझं खोटं खरं झालं. नवी मिळायला फार दिवस लागतील, तुमची मुदत तेवढी नाही. गाडी भंगारात द्या. मला काही नको.

मी


४ मार्च

तुझं पत्र दोनदा वाचलं. मग शेडमध्ये गेले.

रंगाच्या डब्यांमागे बाटली नव्हती.

त्याच्या हत्यारांच्या कपाटात सगळ्यात खालचा खण आहे. तो गेल्यावर मी वरचे खण आवरले होते, खालच्यासाठी वाकवलं नाही. बाटली तिथे होती, निम्मी भरलेली. शेजारी काचेची बरणी. बरणीत हिरवं तेल आणि तेलात दोन रबरी सील, वाळून कडक होऊ नयेत म्हणून बुडवून ठेवलेली. बरणीखाली ती सील ज्यातून आली ते खोकं.

ते खोकं मी ओळखलं. कुरिअरवाल्याकडून मीच घेतलं होतं. घरात रंगारी होते, हाताला ओला रंग लागला आणि खोक्यावर माझा अंगठा उमटला. तो अजून आहे. मी त्याला विचारलं, "काय मागवलंस?" तर म्हणाला, "खेळणं." रंगारी आले होते तेव्हा तू घरातच होतीस. रंग कोणता द्यायचा यावरून तू आणि मी दोन दिवस बोलत नव्हतो. म्हणजे त्यानंतरही कितीतरी संध्याकाळी तो ताटावर बसून तुला विचारत होता, "सील आलं का?"

तो तुझ्याइतकाच गाडीखाली लोळलेला माणूस. सैल करून पुन्हा आवळलेला निपल त्याला कळणार नाही, असं तुला वाटलं तरी कसं? त्याने बाटली शोधली. सील मागवली, आली, बरणीत घातली. ज्या दिवशी मनात आलं असतं त्या दिवशी त्याला गाडी सुरू करता आली असती. त्याने केली नाही. तू त्याला सांगू शकत नव्हतीस, ते त्याने तुला सांगायला लावलं नाही.

नोकरीचं मला माहीत नव्हतं. ते आत्ता कळलं. बाकीचं तू जोड. एवढं सांगते, 'फोन आला तर झोपलाय म्हण' हे त्याने मला बजावलं होतं. तेव्हा तो बहुधा जागा असायचा. फोन वाजला की खाटेवरून दाराकडे मान वळवायचा आणि मी फोन ठेवेपर्यंत वळवलेलीच असायची. मला वाटायचं, त्याला आवाजाचा त्रास होतो.

आता गाडीचं. नव्या मालकाकडे मुदत मागितली. मी मुदत मागणारी बाई नाही, हे तुला ठाऊक आहे. गॅरेजवाल्याला तुझी पत्रं वाचून दाखवली, कामापुरती. त्याने दोन्ही सिलेंडर काढले, पाइप स्पिरिटने धुतले, हवा मारून वाळवले, रबरी नळी बदलली. बरणीतली सील बोटांनीच बसवली, पेचकस लावू दिला नाही मी. हिरवं तेल आणलं. थेंब वाटीत टाकला, तरंगला. झाकणावरचा छाप पत्र्याने खरवडून काढला.

मग पाइपातली हवा काढायची होती. तो गाडीखाली, मी सीटवर. आयुष्यभर मी हुकूम सोडले, त्या दिवशी पाळले. "बाई, दाबा! धरा! सोडा आता!" खालून त्याचा आवाज आणि बाटलीत बुडबुडे. शेवटी बुडबुडे थांबले. पेडल भरलं. मी पाऊल उचलून नुसता अंगठा टेकवला आणि ते खाली गेलं.

किती जोराने काय हलतं हे मला तराजूशिवाय कळतं. नोकरीच तसली केली. इतक्या थोड्या जोरावर चालणारं पेडल माणूस कधी मागतो, ते मला त्या सीटवर बसून कळलं. त्याच्या डाव्या बुटाचं टोक नेहमी झिजायचं. मी म्हणायचे, "पाय घासत चालू नकोस, आळशासारखा." गॅरेजवाला खालून ओरडत होता, "बाई, सोडा की!" मला सोडवेना.

गिऱ्हाईक येऊन गेलं. त्याने पहिलंच विचारलं, पेडल इतकं पोचट का, मोठा पंप टाकला पाहिजे. त्याला दारातूनच परत पाठवलं.

गाडी तिसऱ्या मजल्यावर चढत नाही. तू येऊन घेऊन जा. नाही म्हणायचं नाही.

आई


९ मार्च

ती. आई,

पत्र डेपोत आलं. गाडीखाली पडूनच वाचलं, बाहेर यायला वेळ लागला. फोरमन ओरडला, "झोपलीस काय?"

रोज ताटावर तो मला विचारायचा, मी 'नाही' म्हणायचे, आणि तो मान डोलवून भात कालवायचा. मला वाटायचं, हा किती भोळा! तो मला खोटं बोलायला जागा करून देत होता.

आणि त्या संध्याकाळी? आठ वर्षांत तो माझ्यावर एकदाच ओरडला. मला वाटलं, सायलेन्सर फुटला. त्याने तो ठरवून काढला होता, मी त्या नोकरीवर जावं म्हणून. ओरडताना भिंतीला धरून उभा होता. मी रागात होते, आई. तो धरून उभा आहे, हे मला दिसलं होतं आणि तरी मी बॅग भरली.

येत्या रविवारी सकाळच्या गाडीने येते. बरणीतलं तेल टाकू नका.

तुमची सून


१८ मार्च

चि. सुनेस,

तू रविवारी घाईत निघालीस. निघताना तू रडत होतीस आणि मी फाटक धरून उभी होते, त्यामुळे कागद करायचा राहिला. वस्तू एका हातातून दुसऱ्या हातात गेली की नोंद हवी, ही माझी जुनी सवय. दोन प्रती केल्या आहेत. एकीवर सही करून परत पाठव.

दिलं आणि घेतलं त्याची नोंद

गाडी एक, चालू स्थितीत, माझ्यासमोर स्वतःच्या चाकांवर शेडबाहेर गेली. दुसऱ्या गिअरला करकर झाली. ती दोष म्हणून धरू नये.

किल्ल्या दोन. एकीला त्याने बांधलेली सुतळी आहे, ती काढलेली नाही.

क्लचच्या तेलाच्या डब्याचं झाकण, छाप खरवडलेलं. त्यावर मी रंगाने 'हिरवं' असं लिहिलं आहे. अक्षर माझं.

वरचा सिलेंडर, बारीक. बदललेला नाही. बदलू नये.

जुन्या तेलाची बाटली, निम्मी. काचेची बरणी, तेलासकट. सील गाडीत बसवलेली असल्याने बरणी सीलपुरती रिकामी धरावी.

हत्यारांचं कपाट, चार खण, सगळे उघडून दाखवले.

पेडल तपासलं. देणारीने अंगठ्याने, घेणारीने तळव्याने. हलकं आहे.

बूट, एक जोड. उजवा घेणारीने मागितला, दिला. डावा, टोक झिजलेला, देणारीकडे राहील.

देणार : आई
घेणार : सून